धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाण्यापूर्वी

आपल्या गावाचा किंवा घराण्याचा इतिहास शोधण्यासाठी धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जायचे ठरवले असेल, तर निम्मे काम घरीच उरकून निघावे. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुने कागद जमवले आणि 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह जपण्यासाठी पुढे हे मंडळ उभे राहिले. अशा ठिकाणी मोघम चौकशी घेऊन गेलो, तर सांभाळणाऱ्यांचा आणि आपलाही वेळ जातो. म्हणून 'आमच्या गावाची माहिती हवी' असे न म्हणता कोणते गाव, कोणता काळ आणि कोणती बाब, हे एका वाक्यात लिहून काढावे.

गावाचा जुना पत्ता शोधणे हे त्यानंतरचे महत्त्वाचे काम आहे. खानदेश जिल्ह्याचे 1906 साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आजचा जळगाव जिल्हा म्हणजे ढोबळमानाने पूर्व खानदेश, तर धुळे आणि नंदुरबार पश्चिम खानदेशात. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी वेगळा झाला, त्यामुळे शहादा, नवापूरकडच्या मंडळींनी त्याआधीच्या कागदांत नंदुरबार जिल्हा शोधत बसू नये. बागलाण आणि मालेगाव तर 1869 पर्यंत खानदेशातच होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सरकारी माहितीग्रंथाचा, खानदेशावरचा 12वा खंड 1880 सालचा आहे. त्यात आपला तालुका आधी वाचून घ्यावा.

काळ ठरला की भाषा आणि लिपी ठरते. 1601 मध्ये खानदेशच्या फारुकी सुलतानांचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेल्यानंतरच्या मोगली अमलातील कागदांसाठी फारसी जाणणारा माणूस लागेल. 1752 मध्ये निजामाशी झालेल्या भालकीच्या तहाने खानदेशाचा मुलूख मराठ्यांकडे आला. तिथपासूनच्या कागदांसाठी मोडी यायलाच हवी, आणि 1818 नंतर इंग्रजी दप्तर सुरू झाले तरी गावपातळीवर मोडी टिकून होती. मोडीत आधी ओळ आखून अक्षरे तिला लटकवलेली असतात आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, त्यामुळे नुसती बाराखडी पाठ करून भागत नाही. छापील नमुन्यांवर रोज थोडा सराव करावा. वेळ नसेल तर मोडी वाचणाऱ्या जाणकाराशी आधीच बोलून ठेवावे.

तारखांचा हिशेबही सोबत असावा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत मात्र 79 मिळवावे लागतात. खरा घोळ जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सन या कालगणनेचा, कारण तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'खमस अशरीन मया व अलफ' म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, एकूण 1125. हे साल मृगाला बदलते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर 599 आणि पुढे 600 मिळवून ते 1724-25 ठरते. अरबी अंकांच्या शब्दांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यावा. ऐनवेळी तोच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

निघण्याआधी फोन करून वेळ, सुट्टी, छायाचित्रणाची परवानगी आणि शुल्क विचारावे. ओळखपत्र, संस्थेमार्फत जात असल्यास तिचे पत्र, शिसपेन्सिल, वही आणि भिंग एवढे सामान पुरेसे आहे. शाईचे पेन पिशवीतच राहू द्यावे, पाण्याची बाटली कागदांपासून दूर ठेवावी, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावण्याची सवय असेल तर ती आधीच मोडावी. वैशाखातले खानदेशी ऊन लक्षात घेता दिवाळीनंतर जाणे बरे.

घरचे जुने कागद दाखवायला न्यायचे असतील, तर त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये; धुतलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधून न्यावेत.

मंडळाचे वस्तुसंग्रहालय शक्यतो कागदांच्या आधी पाहावे, कारण मूर्ती आणि नाणी नजरेखालून गेली की पत्रांतल्या गावांना आणि देवळांना आकार येतो. कागद हाती आल्यावर मजकूर उतरवण्याआधी संग्रहाचे नाव, रुमाल (कागद बांधलेले कापडी गाठोडे) आणि कागदाचा क्रमांक लिहावा, आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी अंदाज न भरता टिंबे द्यावीत.