रोमन चांदीची नाणी ओळखताना या चुका टाळा

रोमन नाणं हातात आलं की नजर आधी जाते चेहऱ्यावर, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नाकाच्या ठेवणीवरून सम्राट ठरवू नका. आधी कडेचा मजकूर पूर्ण वाचा. शब्द तोडलेले असतात आणि ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो, एवढं धरून चाला.

कोइमतूरच्या आसपास मोठ्या संख्येने सापडलेलं सम्राट टायबेरियसचं डेनारियस (रोमन चांदीचं नाणं) घ्या. मजकूर ‘ऑगस्टस’वर संपतो, म्हणून घाईत ते त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या खात्यात जमा होतं. खरं तर तिथे लिहिलंय, ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र टायबेरियस सीझर ऑगस्टस’; शेवटचं ‘ऑगस्टस’ ही सम्राटाची पदवी. दत्तक बापाला देव केलं की मुलाच्या गादीवर बोट कोण ठेवणार? ‘पुत्र’साठी फक्त ‘एफ’ हे अक्षर आहे, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. मागच्या बाजूला राजदंड आणि फांदी घेऊन बसलेल्या स्त्रीला सर्रास लिव्हिया, म्हणजे टायबेरियसची आई, म्हणतात. पण नाण्यावर तिचं नाव नाही. ती शांतिदेवी पॅक्सही असू शकते. मी तरी नोंदीत ‘बसलेली स्त्री’ एवढंच लिहीन.

बाकी देवता हातातल्या वस्तूवरून कळतात: तराजू असेल तर न्याय्यतेची देवी इक्विटास, सुकाणू असेल तर नशिबाची देवी फॉर्च्यूना. नावाआधी ‘दिवुस’ (दैवी) आणि मागच्या बाजूला गरुड दिसला, तर ते नाणं त्या सम्राटाच्या मृत्यूनंतरचं.

चांदीच्या नाण्यावर पानांऐवजी किरणांचा मुकुट (सम्राज्ञी असेल तर खांद्यांमागे चंद्रकोर) असेल तर ते डेनारियस नव्हे, अँटोनिनियानस. सम्राट कॅराकॅलाने इ.स. २१५ मध्ये ते काढलं. किंमत दोन डेनारियसची, वजन जेमतेम दीडाचं! इ.स. २६०च्या दशकात त्यातली चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली. त्यामुळे त्या काळचं नाणं तांबूस दिसलं म्हणून लगेच नकली ठरवू नका. ऑगस्टसच्या डेनारियसमधून तांबं डोकावत असेल, तर मात्र ते बहुधा त्याच काळातलं मुलामा दिलेलं खोटं नाणं. आजकालची ओतीव नक्कल कडेवरची सांध्याची रेघ आणि भिंगाखाली दिसणारे बुडबुडे यांवरून पकडता येते.

चिंच, राख, भांड्यांची पावडर लांब ठेवा. जुनी चांदी ठिसूळ होते, आणि घासल्यावर आधी जातात ती अक्षरंच.

नाणं शेतात सापडलं असेल, तर धुण्याच्याही आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत सापडलेलं धन लपवणं गुन्हा आहे.