साथीत सगळं बंद पडलं, तरी गरोदर बायांची आणि बाळांची यादी चालू ठेवा

मी वाळवा तालुक्यातल्या एका गावची आशा. २०२० च्या मार्चमध्ये इस्लामपुरात करोनाचे रुग्ण सापडले, रस्ते बंद झाले आणि आमच्या अंगणवाडीतलं लसीकरण सत्रही थांबलं. पण बायांचे दिवस भरायचे थोडेच थांबतात! त्या वर्षी जे शिकले, ते नव्या आशांसाठी लिहितेय.

आधी यादी नव्यानं करा, जुन्या वहीवरून उतरवू नका. घरोघर विचारा, "माहेरी कोण आलंय? पुण्या-मुंबईहून कोण परतलंय?" पहिलटकरणी बाळंतपणाला माहेरी येतात, आणि टाळेबंदीत तर अख्खी कुटुंबं गावी आली. नोंद तिकडं, माणूस इकडं. दोन्हीकडच्या आशांना वाटतं, दुसरी बघत असेल. मुंबईहून आलेल्या एकीनं बाळाचं कार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घडी घालून जपून आणलं होतं. सहाव्या आठवड्याचा डोस झालेला, दहाव्याचा हुकलेला, बाळ चौथ्या महिन्यात. "आता सगळं पहिल्यापासून का हो ताई?" म्हणताना तिचे डोळे भरून आले. तसं नसतं. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, डोस हुकला तर राहिला तिथून पुढं द्यायचा, दोन डोसांत निदान ४ आठवडे सोडायचे. हे प्रत्येक आईला सांगाच. "चुकलंय ते चुकलंय" म्हणून कितीतरी जणी येतच नाहीत.

सत्र परत सुरू झालं की गर्दी नको असते. पण बीसीजी (क्षयरोगाची लस) आणि गोवर-रुबेलाची बऱ्याच मुलांना पुरणारी कुपी एकदा कालवली की ४ तासांत वापरावी लागते, त्यामुळं मुलं दिवसभर पांगवताही येत नाहीत. आम्ही आदल्या दिवशी फोन केले, अर्ध्या तासाला पाच आया बोलावल्या, अंगणात चुन्याचे गोल आखले. गोवर-रुबेलाची मुलं पाठोपाठ घेतली. टोचल्यावर अर्धा तास थांबायला देवळाचा मंडप.

गरोदर बाईला दारात उभ्यानं भेटा, पण भेटा. रक्तदाब फोनवर कळत नाही. लोहाच्या गोळ्या महिन्याच्या एकदम द्या. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, हेही सांगा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडा-हातावर सूज, अंगावरून रक्त जाणं, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आई पॉझिटिव्ह आली की घरची मंडळी बाळाला लांब नेऊन वरचं दूध सुरू करतात. सासूबाईंना समोर बसवून समजवा: आईनं हात धुवायचे, मास्क लावायचा आणि अंगावरच पाजायचं.

आमच्या एकीला कळा चालू असताना एका दवाखान्यानं करोनाचा रिपोर्ट नाही म्हणून दारातूनच परत लावलं. दुसरीकडं पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हापासून आठवा लागला की मी स्वतः फोन करून, बाळंतपण घेतात का विचारून, दोन दवाखान्यांची नावं कार्डामागं लिहिते. गाडीवाल्याचा नंबर घरातल्या दोघांच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते.