दोन फुटी टाकीत रासबोरा आणि हनी गुरामी: सुरुवात कशी करावी

टाकी, पंप आणि मासे एकाच दिवशी आणून संध्याकाळी मासे पाण्यात सोडणं ही सगळ्यात मोठी चूक. नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात दगावतात ते बहुतेक वेळा त्यांच्याच मलमूत्रातून साठलेल्या अमोनियामुळे. म्हणून मासे शेवटी आणायचे.

मांडणी

टाकी 24×12×12 इंचांची घ्या. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता तिच्यात साधारण 45 लिटर पाणी राहतं. भरल्यावर वजन 70 किलोच्या आसपास जातं, त्यामुळे टेबल भक्कम आणि सपाट हवं. खाली थर्माकोलची शीट घाला. थेट ऊन येईल अशी जागा नको.

तळाला 3 सेंटीमीटर थर होईल इतकी, म्हणजे सुमारे 8 किलो, बारीक खडी निवळ पाणी येईपर्यंत धुऊन टाका. समुद्राची वाळू टाळा. तिच्यातल्या शिंपल्यांमुळे पाणी जड होतं, म्हणजे त्यातले क्षार वाढतात. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फेस आला तर तो नको. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट चालतो, पण त्याच्या पोकळीत पांढरे स्फटिक असतील तर ते कॅल्साइटचे असू शकतात, तेव्हा तिथेही थेंब टाकून बघा.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज पुरेसा आहे. वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. पुणे-नाशिकच्या थंडीसाठी 50 वॅटचा हीटर 25 अंशांवर लावा. मुंबईत तो क्वचितच लागतो. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड खडीत पुरलं की कुजतं. थोडी तरंगती वनस्पतीही हवी, कारण गुरामी बुजरी असते. दिवा रोज 7 तास पुरे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. बाटलीवरच्या प्रमाणात अँटिक्लोरीन घालूनच पाणी टाकीत ओता.

टाकी पिकवणं

इथे घाई नको. स्पंजवर आणि खडीवर दोन प्रकारचे जिवाणू वाढावे लागतात: एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी, तिसरा थोड्या प्रमाणात निरुपद्रवी.

प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. कल्हईचा नवसागर नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. 6 ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून द्रावण 200 मिली करा. त्यातलं 10 मिली 45 लिटरमध्ये टाकलं की अमोनिया सुमारे 2 पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) होतो. थेंबांचं टेस्ट किट घेऊन एक दिवसाआड मोजा. अमोनिया जवळजवळ शून्यावर आला की पुन्हा 10 मिली. नायट्राइट दिसू लागल्यावर 5 मिली. पूर्ण 10 मिलीनंतर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टाकी पिकली. याला 4 ते 6 आठवडे लागतात. मग तीन चतुर्थांश पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट उतरतं.

मध्येच काम अडलं तर पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, बघा. मऊ पाण्यात तो घसरतो आणि जिवाणू मंदावतात. निम्मं पाणी बदलल्यावर गाडी पुढे सरकते. बोअरच्या पाण्याचं दुखणं उलटं: ते जड, पीएच चढा, आणि चढ्या पीएचला तोच अमोनिया जास्त घातक. त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा.

मासे

आधी 8 हार्लेक्विन रासबोरा. थव्याचा मासा आहे, दोन-चारच ठेवले तर कोपऱ्यात दबून राहतात. दोन आठवड्यांनी हनी गुरामीची जोडी. ही मूळची गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली; पृष्ठभागावर येऊन हवाही घेते, तेव्हा ती वर आली की घाबरू नका. रासबोरांचा थवा वर येऊन धापा टाकू लागला, तर मात्र लगेच अमोनिया मोजा.

पिशवी 20 मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग अर्धा तास दर 5 मिनिटांनी तिच्यात टाकीतलं अर्धी वाटी पाणी घाला. मासे जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत नको.

टायगर बार्ब गुरामीच्या मिशा कुरतडतो. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभर किंवा त्याहून मोठा होतो, आणि कंटाळून नदी-तलावात सोडला की तिथल्या माशांच्या मुळावर येतो. भडक गुलाबी-निळे विडो टेट्रा रंगवलेले असतात, घेऊ नयेत.

रोजचं आणि आठवड्याचं

खाणं दिवसातून एकदा, मिनिटभरात संपेल एवढंच. आठवड्याला 12 लिटर, म्हणजे एक बादली, पाणी बदला. स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा; नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा कच्ची होते.

वीज गेली तर खाणं बंद. दोनेक तासांपेक्षा जास्त जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा. एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांवर गेलं की झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. मात्र वर जाळी ताणा, नाहीतर रासबोरा उडी मारतात. बर्फ टाकू नका. अचानक गारठा माशांना उकाड्यापेक्षा जड जातो.