सायनोटाइप फिकट येतोय? आधी कागद आणि पाणी बघा

शाळेत असतानाच सायनोटाइपच्या, म्हणजे कागदाला रसायन लावून उन्हात निळा फोटो छापायच्या, नादी लागणाऱ्यांसाठी लिहितेय. रसायनांवर फारसं कोणी अडत नाही. हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम, पोटॅशियम फेरिसायनाइड तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम, लावायच्या वेळी दोन्ही समसमान. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली पद्धत मुळात हीच. आणि ऊन? एप्रिलमध्ये इंदूरच्या गच्चीवर ते मागावं लागत नाही.

गाडी अडते ती कागदावर. उन्हात छान काळपट झालेली प्रिंट धुताना फिकी पडते आणि आपण एक्सपोजर, म्हणजे उन्हात ठेवायचा वेळ, वाढवत बसतो. मी अख्खी सुट्टी तेच केलं. हा निळा रंग, प्रशियन ब्लू, आम्लात टिकतो आणि अल्कलीत मरतो. दुकानदार मोठ्या कौतुकानं 'ॲसिड-फ्री' कागद पुढे करतो, पण अशा बऱ्याच कागदांत मुद्दाम अल्कलीधर्मी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, घातलेला असतो. चित्रासाठी उत्तम, आपल्यासाठी विष. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर खडू आहे. मग सायट्रिक ॲसिडच्या (किराणा दुकानातलं निंबूसत चालतं) पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत कागद भिजवा, साध्या पाण्यानं धुवा, वाळवा आणि मगच रसायन लावा. बुडबुडे दिसले नाहीत तरी आधी त्या कागदाची एक छोटी पट्टी छापून बघाच.

पाण्याचंही तेच. आमच्या कॉलनीत बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरे थर बसतात. त्यात प्रिंट तासभर ठेवली तर रंग गेलाच म्हणून समजा. पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका. पिवळेपणा गेला की थांबा. ओली प्रिंट फिकी दिसली तरी रडू नका, हवेत एक-दोन दिवसांत निळा गडद होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड शिंपडून तो क्षणात आणता येतो, पण ती नुसती घाई आहे. शेवटी रंग तोच येतो.

फेरिसायनाइडमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही, गंमत म्हणूनही, मिसळू नका. विषारी वायू निघतो. स्वयंपाकघरातली भांडी तर नकोतच.

डिजिटल निगेटिव्हसाठी (कागदावर ठेवायची, पारदर्शक फिल्मवर छापलेली निगेटिव्ह) फोटो कृष्णधवल करा, इन्व्हर्ट करा, आरशासारखा उलटा करा, म्हणजे शाईची बाजू कागदाला चिकटते. झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटचा काळा विरळ असतो, त्यामुळे पांढऱ्या जागाही निळसर येतात. दोन फिल्म तंतोतंत एकमेकींवर ठेवा, बरंच भागतं.

आणि गुरू म्हणाल तर लग्नाचे फोटो काढणाऱ्या दादांपेक्षा पत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले काका गाठा. फिल्म, प्रकाश आणि वेळ यांचा हिशेब त्यांच्या बोटांत असतो. ते आधी हाकलतील. पुन्हा जा.

घरी 'यात काय ठेवलंय' हे ऐकावं लागेलच. नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळांनी इथेच, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करताना, १८७० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला, हे मी आईला सांगून पाहिलं. "त्यांना नोकरी होती," आई म्हणाली.