खर्चाची वही दोन रकान्यांत मांडा

मॅनेजमेंट अकाउंटिंग, म्हणजे धंद्यातले निर्णय घेण्यासाठी मांडलेला हिशेब, शिकताना सूत्रांआधी एक धंदा समोर घ्या. समजा, घरगुती डब्यांचा. गाळ्याचं भाडं आणि मदतनीस ताईंचा पगार मिळून महिन्याला २७,००० रुपये. डबे किती का जाईनात, ते द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च, वहीचा पहिला रकाना. धान्य, भाजी, गॅस, पॅकिंग हा डब्यागणिक वाढणारा खर्च, दुसरा रकाना: डब्यामागे ५४ रुपये. डबा ९० ला विकला की ३६ उरतात. २७,००० भागिले ३६, म्हणजे महिन्याला ७५० डब्यांवर ना नफा ना तोटा.

आता ९०० डबे जात असताना एखादं ऑफिस एका दिवसासाठी ७० रुपयांनी २० जादा डबे मागतं. भाडं-पगार ९०० डब्यांवर वाटून (३० अधिक ५४) डबा ८४ ला पडतो, म्हणून बरेच जण नाही म्हणतात. पण भाडं तर तसंही भरायचंच आहे! जादा खर्च फक्त ५४, म्हणजे डब्यामागे १६, एकूण ३२० रुपये हाती. ऑर्डर जरूर घ्या. मात्र त्यापायी रोजचं गिऱ्हाईक परत पाठवावं लागत नाही ना, आणि उद्या तेही हाच भाव मागणार नाही ना, हे आधी पाहा.

विजेचं बिल मात्र दोन्ही रकान्यांत विभागून लिहा: त्यातला काही भाग ठरलेला असतो, काही वापराप्रमाणे वाढतो. नवशिके इथेच अडखळतात.