पिस्तूलचा स्कोअर अडकलाय? या चुका टाळा

दहा मीटर एअर पिस्तूलमध्ये 600 पैकी 540 च्या आसपास गाडी अडली की पहिला संशय पिस्तुलावर जातो. मग ग्रिप (मूठ) तासा, पेलेट (शिशाच्या छोट्या गोळ्या) बदला, आणि प्रत्येक वाकड्या गोळीनंतर साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, क्लिक स्क्रूने फिरवा. यातली सगळ्यात महागात पडणारी सवय शेवटची. आधी दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, बघा. ग्रुप घट्ट असून बाजूला पडत असेल तरच क्लिक. विखुरलेला असेल तर स्क्रू फिरवून काय होणार?

दुसरी चूक नजरेची. डोळा टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलावर जातो आणि नळीच्या टोकाची फ्रंट साइट धूसर होते. गणित करून बघा: दोन्ही साइटमधलं अंतर साधारण 35 सेंटीमीटर. फ्रंट साइट मागच्या साइटच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर गोळी 14 मिलिमीटर सरकते. एक रिंग 8 मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ दोन गुण गेले. उलट साइट सरळ असून अख्खा हात 5 मिलिमीटर हलला, तर गोळीही तेवढीच हलते. हे सांगितलं की मुलं म्हणतात, "सर, पण काळं डुलतंय." डुलू दे! हात सगळ्यांचाच हलतो.

त्या डुलण्यालाच घाबरून तिसरी चूक होते, आणि माझ्या मते बहुतेकांचा स्कोअर इथेच अडकतो. साइट दहावर आली रे आली की ट्रिगर हिसकायचा. उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी मग खाली डावीकडे जाते. ट्रिगर निदान 500 ग्रॅमचा असावा असा नियम आहे. तेवढं वजन बोटाने हळूहळू वाढवत न्यायचं, मनगटाला न कळता. टार्गेट उलटं लावून कोऱ्या पांढऱ्यावर मारा. दहा शोधायला जागाच नाही, त्यामुळे बोट काय करतंय ते लगेच कळतं. घरी पडवीत भिंतीसमोर ड्राय फायर करा, म्हणजे गोळी न भरता नुसता ट्रिगर दाबा, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून. ट्रिगर सुटल्यावर फ्रंट साइट हलली का, एवढंच बघायचं.

आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घ्या. 60 गोळ्यांना 75 मिनिटं असतात, घाई कसली?

चाळिशीनंतर वाचायचा चष्मा घालून रेंजवर येऊ नका. फ्रंट साइट हाताच्या अंतरावर असते, पुस्तकाच्या नव्हे. चष्मेवाल्याला ते अंतर मोजून सांगा.

आता आपल्या किनाऱ्याचं. मे महिन्यात तळहात घामाने निसटतो, म्हणून आपण नकळत ग्रिप आवळतो आणि ग्रुप पसरतो. दर काही गोळ्यांनी हात आणि ग्रिप, दोन्ही पुसा. पावसाळ्यात लाकडी ग्रिप फुगते. आज बोटाला रुतली म्हणून लगेच कानस लावू नका, दिवाळीनंतर तीच सैल वाटेल. पेलेटवर पांढरी भुकटी दिसली तर तो डबा सरावातून बाद. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतातच, तेलाचा हलका हात फिरवून ठेवा. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर हातपंपाने भरत असाल तर ओलावा काढणारा फिल्टर हवाच, नाहीतर पाणी आत जाऊन दाब कमीजास्त होतो आणि गोळ्या वरखाली पडतात.