ब्रोकेड स्विचवरील राउटिंग पॉलिसी मूळ स्थितीत आणताना
ब्रोकेडच्या फायबर चॅनल स्विचवर (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे उपकरण) राउटिंग पॉलिसी, म्हणजे डेटा कोणत्या मार्गाने पाठवायचा याचा नियम, मूळ स्थितीत, म्हणजे एक्सचेंजवर (सर्व्हर आणि स्टोरेजमधील एकेका देवाणघेवाणीवर) आधारित पद्धतीवर, आणायची असेल, तर 'एपीटीपॉलिसी ३' ही आज्ञा पुरेशी आहे. परंतु ती देण्यापूर्वी स्विच 'स्विचडिसेबल'ने बंद करावा लागतो आणि त्या क्षणी त्याच्या सर्व पोर्टांवरील वाहतूक थांबते. म्हणून आधी प्रत्येक सर्व्हरवर मल्टिपाथची (स्टोरेजपर्यंतच्या एकाहून अधिक मार्गांची) स्थिती पाहावी आणि दुसऱ्या फॅब्रिकमधील (स्विचांच्या दुसऱ्या, स्वतंत्र जाळ्यातील) मार्ग खरोखर सक्रिय असल्याची खात्री करावी. यादीत मार्ग दिसतो एवढ्यावर विसंबू नये, कारण 'फेल्ड' (बंद पडलेले) मार्गही त्याच यादीत दिसतात. एका जरी सर्व्हरचा दुसरा मार्ग बंद असेल, तर माझ्या मते काम पुढे ढकलणेच योग्य.

नुसती 'एपीटीपॉलिसी' आज्ञा देऊन सध्याची पॉलिसी नोंदवून ठेवावी आणि 'कॉन्फिगअपलोड'ने संपूर्ण कॉन्फिगरेशनची प्रत वेगळ्या सर्व्हरवर घ्यावी. केवळ राउटिंगसाठी 'कॉन्फिगडिफॉल्ट' वापरू नये. त्यात इतर सेटिंग्जही बदलतात. फ्रेम (डेटाचे तुकडे) क्रमानेच पोहोचणे आवश्यक असलेल्या ठिकाणी, विशेषतः मेनफ्रेमच्या फिकॉन जोडणीत, पोर्टवर आधारित पॉलिसी मुद्दाम निवडलेली असू शकते. तेव्हा संबंधितांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये.

बदलानंतर 'स्विचएनेबल' द्यावे, 'फॅब्रिकशो'मध्ये सर्व स्विच परत आल्याचे आणि 'पोर्टएरशो'मधील (porterrshow) त्रुटींचे आकडे वाढत नसल्याचे पाहावे. सर्व्हरचे सर्व मार्ग पूर्ववत झाल्यानंतरच दुसऱ्या फॅब्रिकला सुरुवात करावी.